चष्म्याच्या दुकानाला आलेली चुकीची उत्तरं

बाळांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही दोघांनी एकदम विचारलंत, “आजी, तुझ्या चष्म्याच्या काडीला लाल दोरा कशाला?” मी सांगायला सुरुवात केली आणि तुमची पोहायला जायची वेळ झाली. अर्धवट सांगितलेली गोष्ट मला चैन पडू देत नाही, हे तुमच्या बाबांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून आज नांदेडच्या घरी जेवणानंतरची झोप सोडून हे लिहायला बसले आहे.

माझी धाकटी बहीण, म्हणजे तुमची लातूरची मावशीआजी, चष्म्याचं दुकान चालवते. तुम्ही एकदा तिथे गेला आहात. बिनकाचेची एक फ्रेम डोळ्यांवर चढवून धाकट्याने ती घरी येईपर्यंत काढू दिली नव्हती. दुकान खरं तर तुमच्या लातूरच्या आजोबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, माझ्या भाऊजींनी काढलं होतं. ते पुढे बसायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, डोळे तपासायचे. बहीण मागे पडद्याआड बसून काचा घासायची, फ्रेममध्ये बसवायची, काड्या वाकवून कानाला बेतशीर करायची. लग्नानंतर हे काम ती त्यांच्याकडूनच शिकली आणि पुढे त्यांच्याहून सफाईने करू लागली, असं तेच सांगत.

त्या दुकानाची एक पद्धत होती. जवळचा चष्मा तयार झाला की भाऊजी गिऱ्हाइकाच्या हातात सुई द्यायचे आणि रंगीत दोऱ्यांचा डबा पुढे करायचे. म्हणायचे, “हवा तो रंग घ्या आणि ओवून दाखवा.” दोरा सुईत गेला की चष्मा पास. मग तोच दोरा तोडून ते चष्म्याच्या काडीला बारीक गुंडाळून द्यायचे, म्हणजे घरातल्या चार चष्म्यांत आपला कोणता ते अंधुक दिसणाऱ्यालाही हाताला कळावं. निलंग्यापासून औशापर्यंत कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या कानामागे तो दोरा मी पाहिला आहे. माझ्या चष्म्यालाही ते गुंडाळून द्यायचे आणि मी नांदेडला पोचले की कात्रीने काढून टाकायचे. मला तो गबाळा वाटायचा.

भाऊजी गेले. बहिणीने दुकान बंद केलं नाही. डोळे तपासायला आठवड्यातून दोन दिवस एक डॉक्टरीणबाई येऊ लागल्या. पण पुढच्या दोन वर्षांत गिऱ्हाईक कमी होत गेलं. त्यातच समोर काचेच्या दारांचं, गार हवेचं मोठं दुकान उघडलं. बहीण मला फोनवर म्हणायची, “अक्का, लोक ह्यांच्या बोलण्यासाठी यायचे गं. पडद्यामागे कोण बसलंय हे कुणाला माहीत होतं?”

मग कुणीतरी तिला मेसेजचा उपाय सुचवला. तुमच्याकडेही असतील असे पाच-सहा आकड्यांचे छोटे नंबर, ज्यांवर एखादा ठरलेला शब्द पाठवला की कंपनीचं मशीन आपोआप उत्तर देतं. पुण्याच्या एका कंपनीकडून बहिणीने तसा नंबर आणि त्यावरचा एक शब्द भाड्याने घेतला. शब्द होता ‘डोळे’, इंग्रजी अक्षरांत लिहायचा. तुम्ही विचाराल, व्हॉट्सॲप का नाही? तिच्या निम्म्या गिऱ्हाइकांकडे अजून बटणांचा फोन आहे. साधा मेसेज सगळ्यांना पोचतो.

जुन्या कार्डांवरून नंबर काढून सगळ्यांना मेसेज गेला: नमस्कार, आपला चष्मा तपासून वर्ष झाले, तपासणीसाठी येणार असल्यास ‘डोळे 1’ आणि येणार नसल्यास ‘डोळे 2’ असे या नंबरवर पाठवा.

तीन आठवड्यांनी कंपनीकडून एका पानाचा अहवाल आला. बहिणीने त्यात एकच ओळ वाचली. ग्राह्य उत्तरं पंधरा. त्यांतली अकरा ‘येतो’ म्हणणारी आणि चार ‘नको’ म्हणणारी.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, म्हणूनच मला काळजी वाटली.

“अक्का, चारशेवर माणसांना विचारलं. अकरा जण हो म्हणाले. आता ह्याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? शेजारचे मेडिकलवाले कधीपासून गाळा मागतायत. सोमवारी त्यांना हो म्हणते. तू येशील का आवरायला? नीटनेटकं आवरायचं तर तूच हवीस.”

मी गुरुवारी सकाळच्या एसटीने निघाले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, आणि मी पिशवीत वही, स्केचपेन आणि चिकटपट्टी आहे ना ते तीनदा बघितलं. दुःखाच्या वेळी मला हात कामात लागतात. तुमच्या पणजोबांच्या तेराव्यालाही मी भांड्यांची यादी करत बसले होते.

दुपारपर्यंत मी निम्मं दुकान खोक्यांत भरलं. खोक्यांवर चिठ्ठ्या लावल्या: ‘काचा, जवळच्या’, ‘काचा, लांबच्या’, ‘फ्रेमा, बायकांच्या’, ‘चष्म्यांची घरं’. जे कशातच बसत नव्हतं ते ‘किरकोळ’. बहीण मदत करत नव्हती आणि अडवतही नव्हती. रिकाम्या होत चाललेल्या फळीवरून फडकं फिरवत होती.

शेवटी तिने कंपनीचे कागद माझ्यापुढे ठेवले. “हा नंबर बंद करायचा अर्ज इंग्रजीत लिहून दे. तेवढं एक झालं की संपलं.”

अर्ज लिहायचा म्हणून मी तो एका पानाचा अहवाल नीट वाचला. चाळीस वर्षं परीक्षेचे पेपर तपासलेल्या बाईला बेरीज जुळते का हे बघितल्याशिवाय राहवत नाही. वर लिहिलं होतं, एकूण आलेली उत्तरं दोनशे तीन. खाली ग्राह्य पंधरा. मग बाकीची एकशे अठ्ठ्याऐंशी कुठे गेली?

मी कंपनीला फोन लावला. बोलणारी बाई फार सभ्य होती.

“मॅडम, ती इनव्हॅलिड आहेत. एक किंवा दोन सोडून दुसरं काही आलं की मशीन ते बाजूला टाकतं. तो सगळा कचरा असतो. आम्ही कुणालाच पाठवत नाही.”

“मला पाठवा,” मी म्हटलं.

“त्याचा तुम्हाला काही उपयोग होणार नाही, मॅडम.”

“नसेल होत. पण माझी बेरीज पुरी होईल.”

तुमच्या बाबांनी दिलेला लॅपटॉप मी सोबत नेला होता. अर्ध्या तासाने यादी आली. एका रकान्यात फोन नंबर, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात उत्तर. सगळी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, कुणी स्वतः बटणं दाबून, कुणी नातवंडांकडून लिहून घेतलेली. डोळ्यांनी वाचून एकाचाही अर्थ लागेना. मग मी मोठ्याने वाचू लागले, आणि मोठ्याने वाचल्यावर ती माणसं झाली.

“डोळे. ताई नमस्कार. मी निळा दोरा, निलंगा. ऊस कारखान्याला गेला की येतो. तब्येतीला जपा.”

बहिणीचं फडकं थांबलं. “जाड काळी फ्रेम,” ती म्हणाली. “उजवा कान जरा वर आहे त्यांचा. काडी दरवेळी वेगळी वाकवावी लागते.”

“डोळे. एक का दोन ते कसं सांगू? यायचं तर लई मनात हाय, पण गुडघा उचलंना. हिरवा दोरा.”

“कंडक्टरची आई. पुढे?”

“डोळे. सुईत दोरा जाईना झालाय. म्हणजे नंबर वाढला असंल. पुढल्या बाजारी येते. केशरी.”

“बाई, बाई,” बहीण म्हणाली आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसली.

प्रत्येकाने सांगितल्याप्रमाणे आधी ‘डोळे’ हा शब्द लिहिला होता. मशीनचा तेवढा मान राखून पुढे आपलं म्हणणं लिहिलं होतं. नुसता आकडा पाठवणं त्यांच्या मनातच आलं नसावं. दारात येऊन कुणी ‘येणार का’ विचारलं तर आपण बोट वर करून दार लावून घेत नाही. आधी नमस्कार, मग घरचं बरं-वाईट, मग येण्याचं. त्यांनी तेच केलं. आणि प्रत्येकाला मशीनने उलट उत्तर धाडलं होतं, ‘आपला संदेश चुकीचा आहे. कृपया पुन्हा पाठवा.’ त्या नंबरवर मेसेज पाठवायला नेहमीपेक्षा जास्त पैसे कापले जातात, तरी बऱ्याच जणांनी माफी मागून पुन्हा पाठवला होता.

मग एक उत्तर आलं ते मी अर्ध्यात थांबून वाचलं.

“डोळे. साहेब गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं. तोंड दाखवायला लाज वाटली म्हणून दोन वर्षं फिरकलो नाही. ताई, नाकावर न टोचणारा चष्मा तुमच्या हातचाच. साहेब स्वतः सांगायचे, बसवणारी आत आहे.”

डोळ्यांवरचा चष्मा काढून बहिणीने पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

आता एक कबुली देते. ती पंधरा ग्राह्य उत्तरंही यादीत होती. मी ती बघितली आणि माझाच फोन नंबर दिसला. बहिणीकडे माझंही कार्ड आहे, त्यामुळे मेसेज मलाही आला होता. वाचून झाल्याबरोबर, सूचनेनुसार, मी उत्तर दिलं होतं: ‘डोळे 1’. परक्या माणसांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली होती, तिच्या थोरल्या बहिणीने एक आकडा पाठवला होता. तुम्ही मला अंगठ्याचं चित्र पाठवता तेव्हा मी तुमच्या आईकडे तक्रार करते. ती तक्रार मी मागे घेते.

बहिणीनेही तो नंबर पाहिला. म्हणाली, “तुझं मात्र बरोबर आलंय, अक्का. पैकीच्या पैकी.” चिडवत होती की काय, मला कळलं नाही. मी पुढचं पान उघडलं.

त्या पानावर एकाच नंबरवरून चार उत्तरं होती.

“डोळे. ताई, पांढरा दोरा, औसा. डाव्या काचेला तडा गेला. पौर्णिमेला विहारात ग्रंथ वाचायची माजी पाळी हाय. कधी येऊ?”

“डोळे. चुकलं असंल तर माफी. कधी येऊ?”

“डोळे 1 2. कधी येऊ ताई?”

चौथं दोन दिवसांनी आलेलं. “डोळे. बरं. राहू द्या.”

पौर्णिमा शनिवारी होती. बहिणीने यादीतला नंबर बघून तिथेच फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

“मी लातूरहून, चष्म्याच्या दुकानातून बोलतेय.”

पलीकडून बाईंनी विचारलं, “ताई, तुमी सोता बोलायलाव का मशीन?”

“मीच आहे.”

“मग मला दर डाव चूक चूक काय म्हणायलाव? शाळेत बी माज्या येवढ्या चुका निघाल्या न्हाईत!”

बहीण हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा. “ते मशीन म्हणत होतं हो. माझ्यापर्यंत तुमचं काही आलंच नाही.”

“मला वाटलं, तुमी रागावलाव. दिवाळीत मी त्या समोरच्या दुकानात शिरल्याले तुमी बघितलं असंल. नातीनं वढत नेलं. घेतलं काईच न्हाई, निस्तं थंडगार बसून आले.”

“मी बघितलंच नव्हतं.”

“आगं बया,” पलीकडून आवाज आला. “मग उगंच सांगितलं की.”

त्यांना उद्या यायला सांगून बहिणीने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. “जवळच्या काचा कोणत्या खोक्यात?”

चिकटपट्टी मी चांगली घट्ट लावली होती. ती सोडवताना माझंच नख दुखावलं. बहिणीने जुन्या कार्डावरून चष्म्याचा नंबर काढला, काच निवडली आणि पडदा सारून मशीनवर बसली. काच घासल्याचा तो बारीक आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. पूर्वी मी दुकानात आले की पुढच्या खुर्चीत भाऊजींशी बोलत बसायचे. तो आवाज मागे चालू असायचा, आणि तो आवाज म्हणजे माझी बहीण, हे कधी मनात आलं नव्हतं.

शुक्रवारी अकराच्या सुमारास औशाच्या बाई आल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, उंच, पांढरं स्वच्छ लुगडं. तडा गेलेला चष्मा रुमालात गुंडाळून आणला होता. बहिणीने काच बसवली, काड्या कानामागे बोटांनी चाचपल्या, एक काडी गरम करून केसभर वाकवली. मग हात लांब करून म्हणाली, “सुई-दोऱ्याचा डबा दे, अक्का.”

मी उठले. डबा कुठे आहे ते मला नेमकं माहीत होतं, आणि सांगायची लाज वाटत होती.

“किरकोळमध्ये,” मी म्हटलं.

बहिणीने माझ्याकडे नुसतं बघितलं. औशाच्या बाईंनीही बघितलं. मी खोकं फोडलं.

पहिल्याच झटक्यात त्यांनी दोरा ओवला. मग पिशवीतून वहीचं पान काढलं. विहारात वाचायचा भाग त्यांनी मोठ्या अक्षरांत उतरवून घेतला होता, काच फुटली तरी जमावं म्हणून. “हे नको आता,” म्हणाल्या. छापलेला ग्रंथच त्यांनी बाहेर काढला आणि विचारलं, “जरा वाचू का? उद्या अडखळले तर बाया हसतील.”

त्या उभ्याने वाचू लागल्या. अर्धी भरलेली खोकी, उघड्या फळ्या, आणि मधे त्यांचा संथ, एकसारखा आवाज. कुठेही अडखळल्या नाहीत. बहीण काउंटरवर दोन्ही हात टेकून ऐकत होती. वाचणाऱ्या बाईंच्या नाकाकडे तिचं लक्ष होतं. चष्मा घसरतो का ते बघत होती. घसरला नाही.

तेवढ्यात शेजारचे मेडिकलवाले मोजपट्टी घेऊन आत आले. बाई वाचतायत हे बघून चप्पल काढून दारातच उभे राहिले. वाचन संपल्यावर हळूच म्हणाले, “वहिनी, सोमवारच्या आधी फळ्यांचं माप घेऊन ठेवतो म्हटलं.”

बहीण पांढरा दोरा काडीला गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, “भाऊ, तुम्ही दुसरा गाळा बघा. माझ्याकडे शंभरावर माणसं यायची आहेत.”

“एकदम?” ते म्हणाले.

“ऊस गेला की काही. गुडघा बरा झाला की काही.”

ते भले गृहस्थ आहेत. चप्पल घातली, जाताना म्हणाले, “मग माझा पण नंबर तपासाच. औषधांवरची तारीख दिसंना झालीय.”

दुपारी मी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. नंबर बंद करायचा अर्ज फाडला आणि दुसरा लिहिला, मजकूर बदलून देण्याचा. असा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, एक अक्षर बदलायचं तरी, म्हणून त्याला बरेच दिवस लागले. आता मेसेजमध्ये एक-दोन नाही. ‘डोळे’ लिहून काय ते आपल्या शब्दांत कळवा, एवढंच आहे. कंपनीची बाई म्हणाली, “मग मशीन उत्तर कसं देणार, मॅडम?” मी म्हटलं, मशीनने फक्त ‘मिळाले’ एवढंच म्हणावं, बाकी आम्ही बघू. रोज चारच्या चहानंतर बहीण आलेली उत्तरं बघते आणि एकेकाला फोन करते. दुकानात पूर्वीइतकी गर्दी नाही, खोटं कशाला सांगू. पण येणारा माणूस आता पडदा सारून आधी आत डोकावतो.

यंदा मलाही तो मेसेज आला. नांदेडला गॅलरीत बसून मी सावकाश उत्तर लिहिलं, ‘डोळे’ तेवढं इंग्रजीत आणि पुढचं मुद्दाम मराठी अक्षरांत, काना-मात्रा तपासून. पाठवलं. तासाभराने बहिणीचा फोन आला.

“अक्का, किती लांब लिहिलंस! मशीनने अर्ध्यात तोडलंय. ‘मागच्या वर्षी मी तुला नुसता एक’ एवढंच आलंय. पुढे काय होतं?”

फोनवर मला ते नीट सांगता येईना. शनिवारी एसटीने गेले आणि तिच्या समोर बसून सांगितलं. ती ऐकून घेत काच पुसत राहिली. मग माझ्यासमोर सुई धरली आणि डबा सरकवला. मी लाल दोरा घेतला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा गेला. तिने तो तोडून माझ्या काडीला गुंडाळला आणि म्हणाली, “घरी जाऊन कात्री लावायची नाही. मला सगळं माहीत आहे.”

लावलेली नाही.

तुमची,
नांदेडची आजी